नाट्यदिग्दर्शन : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

राज्य नाट्य स्पर्धेच्या आणि महाविद्यालयीन एकांकिकांच्या तालमींचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दिग्दर्शनाचे प्रश्न वाढतात. यंदाच्या पत्रांपैकी सारख्या आशयाची पत्रं आम्ही एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त गावांची नावं दिली आहेत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांत कामं केली, पण ओढ दिग्दर्शनाकडे आहे. त्यासाठी एनएसडीत (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) जावंच लागतं का? तिथे निवड झाली नाही तर मार्ग संपला का?
– लातूर

जावंच लागतं असं नाही. मराठीतले कितीतरी उत्तम दिग्दर्शक स्पर्धांतून आणि हौशी संस्थांतून घडले. पण शिक्षणाने जे मिळतं ते बाहेर सहज मिळत नाही, हेही खरं. सलग दोन-तीन वर्षं दुसरं काहीही न करता नाटकच करायला मिळतं. आपल्या आवडीबाहेरची नाटकं अंगावर पडतात. नाटकातला चुकलेला प्रवेश का चुकला, हे सांगणारं माणूस समोर असतं.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळे विषय असतात, विशेष विषयाची वाट त्यानंतर फुटते. प्रवेशासाठी पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचे पुरावे लागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाची पुस्तिका, प्रमाणपत्र, कात्रण आजपासून एका फाइलमध्ये लावा. ऐन वेळी जुन्या संस्थांकडे पत्रं मागत फिरणारे उमेदवार दर वर्षी दिसतात. प्राथमिक निवडीनंतर काही दिवसांची कार्यशाळा होते. तिथे तुम्ही इतरांबरोबर कसं काम करता, हे बारकाईने बघितलं जातं. कामाची भाषा प्रामुख्याने हिंदी, तेव्हा हिंदीतून विचार मांडायचा सराव हवा.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही तीन नावं आधी बघा. लातूरहून संभाजीनगर परवडणारं आहे, आणि मराठवाड्यातल्या अनेक रंगकर्मींची पायाभरणी त्या विभागात झाली आहे. वयाची अट, शुल्क, जागा हे सगळं त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा. ऐकीव माहितीवर अर्ज भरू नका.

प्रवेश मिळो न मिळो, पुढच्या वर्षभरात एक गोष्ट करा. एका नाटकाला प्रकाशयोजनेच्या माणसाचे मदतनीस व्हा, एका नाटकाचं संगीत चालवा आणि एका नाटकाचं रंगमंच व्यवस्थापन सांभाळा. दिग्दर्शकाने मागितलेली गोष्ट प्रत्यक्षात यायला किती वेळ, किती माणसं आणि किती पैसे लागतात, हे तिथेच कळतं. हे ज्यांनी केलेलं नसतं ते दिग्दर्शक तांत्रिक तालमीच्या दिवशी अशक्य गोष्टी मागतात, आणि मग हातचं शक्य तेही निसटतं.

मुलगा नोकरी सोडून पूर्ण वेळ नाट्यदिग्दर्शक व्हायचं म्हणतो. आमचा विरोध नाही, पण यात पोट भरतं का, हे कोणी स्पष्ट सांगत नाही.
– सातारा

तुमची काळजी रास्त आहे. केवळ नाटकं बसवून पहिल्या काही वर्षांत घर चालत नाही. पैसे कोणत्या वाटांनी येतात, ते सांगतो.

व्यावसायिक नाटकात दिग्दर्शकाला नाटक बसवण्याची एक रक्कम मिळते आणि पुढे प्रत्येक प्रयोगामागे ठरलेलं मानधन मिळतं. म्हणजे उत्पन्न प्रयोगसंख्येवर अवलंबून. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना लागतात. परीक्षांचे दिवस आणि भर पावसाळा यांत संख्या खाली येते. नाटक पंचवीस प्रयोगांत थांबलं तर दुसरी रक्कम नगण्य राहते.

दुसरी वाट स्पर्धांची. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा, बँका आणि सरकारी कार्यालयांच्या अंतर्गत स्पर्धा यांसाठी संस्था बाहेरून दिग्दर्शक बोलावतात आणि मानधन देतात. तिसरी शिकवण्याची. शाळांमधली नाट्यशिबिरं, उन्हाळ्यातली बालनाट्यं आणि महाविद्यालयांच्या कार्यशाळा यांतून बऱ्याच तरुण दिग्दर्शकांचं वर्ष निभावतं. नाट्यशास्त्रात एम.ए. असेल तर यूजीसीच्या नेट परीक्षेला नाट्यकला हा विषय घेता येतो, त्यातून अध्यापनाचं दार उघडतं. मालिका आणि चित्रपटांत सहायक दिग्दर्शकाचं काम मिळतं खरं, पण त्याचे तास असे असतात की संध्याकाळची तालीम हातून सुटते. ज्याला नाटकच करायचंय त्याने हे आधी ओळखावं.

केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, नाटक हा विषय तिच्यात येतो. मुलगा त्या वयात असेल तर अर्ज जरूर करावा.

नोकरी सोडण्याच्या मुद्द्यावर आमचं मत स्पष्ट आहे : लगेच सोडू नये. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मोठा काळ दुसरा व्यवसाय सांभाळणाऱ्यांनी उभा केला. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागात. त्यांचं नाटक त्यामुळे कुठे उणं पडलं नाही. मुलाला विचारा : मित्रांच्या बाहेरच्या किती संस्थांनी तुला नाटक बसवायला बोलावलं? हा आकडा दर वर्षी वाढत असेल आणि वर्षभराच्या घरखर्चाइतकी शिल्लक हाताशी असेल, तर निर्णयाला आधार आहे.

एकांकिका ४५ मिनिटांची आहे. आमच्याकडे ३० तालमी आहेत, रोज तीन तास. त्यांची वाटणी कशी करावी? गेल्या वर्षी सुरुवात छान झाली आणि शेवट विस्कटला, असं परीक्षक म्हणाले.
– नाशिक

शेवट विस्कटण्याचं कारण बहुधा असं असतं : रोज पहिल्या पानापासून तालीम सुरू होते आणि वेळ संपली की जिथे पोहोचलो तिथे थांबते. पहिली दहा पानं तीस वेळा होतात आणि शेवटची दहा जेमतेम दहा वेळा. त्यातही ती थकलेल्या नटांबरोबर, घड्याळाकडे बघत. त्यामुळे तालीम रोज वेगळ्या ठिकाणाहून सुरू करा, आणि आठवड्यातून एकदा तरी थेट शेवटच्या प्रवेशापासून.

तीस तालमी म्हणजे नव्वद तास. ४५ मिनिटांच्या एकांकिकेला ते पुरेसे आहेत, वाया घालवले नाहीत तर. आमची वाटणी अशी : पाच वाचनं, आठ तालमी हालचाली बसवायला, दहा तालमी तुकड्यातुकड्याने काम करायला, चार सलग तालमी, दोन तांत्रिक, एक रंगीत तालीम.

पण पहिल्या वाचनाच्या आधी दिग्दर्शकाचं स्वतःचं काम झालेलं हवं, आणि नव्या दिग्दर्शकांचं सगळ्यात जास्त तिथेच राहून जातं. संहिता सुटी करून प्रत्येक पान मोठ्या कोऱ्या कागदावर चिकटवा, बाजूला भरपूर जागा सोडा. कुणी आत येतं, बाहेर जातं किंवा कुणाचा हेतू बदलतो, तिथे रेघ मारा. साधारण दोन-तीन पानांचे तुकडे पडतील. प्रत्येक तुकड्याला एक वाक्य लिहा : या तुकड्याआधी काय होतं आणि नंतर काय बदललं? ज्या तुकड्यात काहीच बदलत नाही, तिथे एकतर तुम्हाला संहिता कळलेली नाही किंवा तो कापण्यासारखा आहे. कापायचं असेल तर लेखकाला विचारून, तालमी सुरू होण्यापूर्वी. पाठ झालेले संवाद गाळले की पुढचे दोन आठवडे ते नटाच्या तोंडून परत परत बाहेर येतात.

वाचनांत अभिनय करू देऊ नका. बसून, अर्थ लावत वाचा. शब्दांचे उच्चार, बोलीचा लहजा, पात्रांची वयं, एकमेकांना अरे-तुरे की अहो-जाहो, हे सगळं इथेच ठरतं. लेखक जवळपास असेल तर पहिल्या दोन वाचनांना त्याला बोलवा.

हालचाली बसवताना एका तालमीत पाच-सहा पानांपेक्षा पुढे जाऊ नका. नट का उठतो, याचं उत्तर संवादात सापडलं पाहिजे. ‘बराच वेळ बसलाय म्हणून उठव’ हे कारण प्रेक्षकाला लांबून कळतं. हातात संहिता असेपर्यंत चहाचा कप, घडी घालायचे कपडे, दिवाबत्ती असली कामं नीट बसत नाहीत. त्यामुळे तेराव्या तालमीनंतर संहिता खाली, अशी तारीख पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. त्या दिवशी नट अडखळतील, तालीम रटाळ होईल. होऊ द्या. खऱ्या वस्तू मात्र त्याच दिवसापासून द्या.

तुकड्यांवरच्या दहा तालमी हा सगळ्यात मोलाचा काळ. इथे नटाला भावना सांगू नका, काम सांगा. ‘रागाने म्हण’ सांगितलं की सगळे नट एकाच पट्टीत ओरडतात. ‘त्याला हे घर सोडायला लाव’ सांगितलं की प्रत्येक जण आपापली तऱ्हा शोधतो, आणि त्यातली एखादी तुम्ही योजलेल्यापेक्षा चांगली निघते. वाक्य कसं म्हणायचं, हे स्वतः म्हणून दाखवायचा मोह आवरा. नट त्याची नक्कल करतो, आणि तिसऱ्या दिवशी नुसती नक्कल उरते.

सलग तालमीत मधे थांबवायचं नाही, कितीही चुकलं तरी. वहीत लिहा. संपल्यावर सगळ्यांना मिळून आठ-दहा सूचना द्या, बाकीच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याला बाजूला घेऊन. रात्री दहा वाजता चाळीस सूचना दिल्या तर सकाळी त्यातल्या तीन उरतात.

वेळेबद्दल : स्पर्धेची मर्यादा जी असेल तिच्या चार-पाच मिनिटं आत तुमची शेवटची तालीम संपली पाहिजे. प्रेक्षकांचा हशा, अंधारातले बदल आणि मोठ्या रंगमंचावरचं वाढलेलं अंतर यांत तेवढा वेळ जातोच. नाटक लांबतंय म्हणून ‘भरभर बोला’ सांगू नका. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची रिकामी जागा मिटवा. गती तिथून येते, आणि शब्दही ऐकू येतात.

तालमीच्या हॉलमध्ये सगळं नीट दिसत होतं. नाट्यगृहात गेल्यावर कडेच्या प्रेक्षकांना अर्धा प्रवेश दिसलाच नाही. नेपथ्याचं आधी काय तपासायला हवं होतं?
– सांगली

तालमीचा हॉल पंधरा बाय वीस फुटांचा असतो आणि तुम्ही मधोमध खुर्ची टाकून बसता. त्या एका खुर्चीतून दिसतं तेच नाटक, असं डोळ्यांना वाटायला लागतं.

नाट्यगृह ठरलं की तिथे मापपट्टी घेऊन जा. दर्शनी चौकटीची रुंदी आणि उंची, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, दोन्ही विंगांमधली मोकळी जागा, आणि सामान आत आणायच्या दाराची रुंदी, एवढं लिहून आणा. शेवटचं माप लोक विसरतात आणि मग आठ बाय चारचा प्लायवूडचा तुकडा जिन्यात अडकतो. त्या मापांवरून अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात आराखडा काढा. तालमीच्या जमिनीवर तोच आराखडा रंगीत टेपने आखा. हॉल लहान असेल तर आराखडा दाबून बसवू नका. सोफा आणि दार यांतलं अंतर खरं ठेवा आणि कमी महत्त्वाचा कोपरा भिंतीबाहेर जाऊ द्या. दारापासून सोफ्यापर्यंत बारा फूट म्हणजे पाच-सहा पावलं. तेवढ्यात म्हणायचं वाक्य तालमीत तीन पावलांत संपत असेल तर प्रयोगात नट मुकाट चालत येताना दिसतो.

कडेचं दिसणं तपासायला पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्या आणि बाल्कनीची शेवटची रांग, या तीन जागांवर स्वतः बसा. बाजूच्या भिंती सरळ मागे नेल्या की टोकाच्या प्रेक्षकाला त्या भिंतीतलं दार दिसत नाही. त्या पुढे उघडत गेलेल्या, तिरक्या हव्यात. ज्या प्रवेशावर नाटक वळतं, त्याचं दार मागच्या बाजूला, शक्यतो मधल्या भागात घ्या. सोफा अगदी पुढे मधोमध ठेवला की त्याच्या मागे घडणारं सगळं कमरेपर्यंत झाकलं जातं आणि नटांना फक्त डावी-उजवी करता येते. थोडा तिरका करून एका बाजूला घेतला की मागची जागा मोकळी होते. दोन सामानांत अडीच ते तीन फूट वाट ठेवा. नऊवारी नेसलेल्या नटीला किंवा हातात ट्रे असलेल्याला त्याहून कमी पुरत नाही.

नेपथ्य नसणं हाही निर्णय असू शकतो. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचीच भिंत उभी राहिली आणि तिनेच वाडा, रस्ता, पडदा सगळं केलं. पण तिथे प्रत्येक माणसाची जागा, लय आणि गाणं काटेकोर बसवलेलं होतं. खर्च वाचवायला नेपथ्य काढून टाकलं आणि त्याचं काम कुणालाच दिलं नाही, तर रंगमंच ओका दिसतो.

प्रकाशयोजनेला स्पर्धेच्या दिवशी फार थोडा वेळ मिळतो. दिग्दर्शकाने किती कळवून ठेवावं?
– रत्नागिरी

प्रकाशयोजनाकाराला निदान दोन सलग तालमी बघायला बोलवा. त्याला ‘इथे निळा मारा’ असं सांगू नका. वेळ कोणती, उजेड कुठून येतोय आणि कोणाचा चेहरा दिसलाच पाहिजे, एवढं सांगा. रंग तो ठरवेल.

दोघांनी मिळून एक तक्ता करा : क्रमांक, पान, कोणत्या शब्दावर, काय बदल, किती सेकंदांत. ४५ मिनिटांच्या एकांकिकेला वीस-पंचवीस बदल पुष्कळ झाले. साठ लिहिलेत तर त्यातले निम्मे प्रेक्षकाला जाणवणार नाहीत आणि दोन-तीन नक्की चुकतील. संगीताचा तक्ता वेगळा ठेवा, पण क्रम एकच असू द्या. नाहीतर बदल करताना एका माणसाला ‘सात नंबर’ म्हणजे वीज वाटते आणि दुसऱ्याला दाराची बेल.

नेहमी होणाऱ्या चुका : समोरून सरळ प्रकाश दिला की चेहरा सपाट होतो, तो दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून हवा. नट मागच्या भिंतीला चिकटून उभा राहिला की सावली नटापेक्षा मोठी दिसते, चार फूट पुढे घ्या. अंधार आठ सेकंदांपेक्षा लांबला की प्रेक्षक बोलायला लागतात. सामान हलवायचा सराव अंधारातच, घड्याळ लावून करा आणि जागांवर चमकणाऱ्या टेपच्या खुणा लावा. एलईडी दिवे हळूहळू विझवताना शेवटी झटक्याने बंद होऊ शकतात, हे त्या नाट्यगृहातच तपासा. नाटकाचा शेवट मंद होत जाणाऱ्या प्रकाशावर असेल तर हा झटका सगळं घालवतो.

नटांपैकी दोघं माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने बरेच मोठे आहेत. सूचना दिली की ‘आम्ही बघतो’ म्हणतात.
– अकोला

त्यांना सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका, आणि सूचना करायची सोडूही नका. तालमीआधी दहा मिनिटं त्यांच्याबरोबर बसा आणि प्रश्न विचारा : ‘काका, इथे हा माणूस पैसे मागायला आलाय की माफी मागायला?’ उत्तर काहीही आलं तरी पुढची चर्चा पात्राबद्दल होते, मान-अपमानाबद्दल होत नाही. तुमची तयारी त्यांच्यापेक्षा जास्त असेल तर हे चार दिवसांत निवळतं. तयारी कमी असेल तर ते बरोबर ओळखतात.

पाठांतर आणि वेळेवर येणं यांत मात्र वयाची सवलत नाही. सगळ्यांना एकच तारीख, एकच वेळ. तुम्ही रोज पंधरा मिनिटं आधी पोहोचा.

गाजलेलं नाटक स्पर्धेसाठी करायचं आहे. परवानग्या कोणकोणत्या लागतात?
– नागपूर

आधी लेखकाची. भारतीय स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, आणि ती साठ वर्षं निधनानंतरच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. देवल (निधन १९१६), गडकरी (१९१९), खाडिलकर (१९४८) यांची नाटकं त्यामुळे मोकळी आहेत. विजय तेंडुलकरांचं निधन २००८ साली झालं, म्हणजे त्यांच्या नाटकांना २०६८ अखेरपर्यंत परवानगी लागेल. अनुवादाला वेगळा हक्क असतो. शेक्सपिअर मोकळा आहे, पण त्याचा हयात अनुवादकाने केलेला मराठी अवतार मोकळा नाही. जिवंत परदेशी लेखकाचं नाटक रूपांतरित करायचं असेल तर मूळ लेखकाची आणि अनुवादकाची अशा दोन्ही परवानग्या हव्यात. ‘कल्पना त्यांची, संवाद आमचे’ ही पळवाट चालत नाही.

शिक्षणसंस्थेत विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या आणि तिथल्याच विद्यार्थी, शिक्षक, पालकांपुरत्या असलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. खुल्या स्पर्धेला ती गृहीत धरू नका. परवानगी लेखी घ्या, तिच्यात प्रयोगांची संख्या, मानधन आणि संहितेत बदल करण्याची मुभा आहे की नाही, हे लिहून घ्या. फोनवरचं ‘करा, करा’ वारसांपैकी दुसऱ्या कुणी आक्षेप घेतला की उपयोगी पडत नाही.

दुसरी परवानगी महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची, म्हणजे बोलीभाषेतल्या सेन्सॉरची. नव्या संहितेला हे प्रमाणपत्र प्रयोगाआधी लागतं. जुन्या नाटकाचं प्रमाणपत्र आधीच असेल तर त्याची प्रत लेखकाकडून मागून घ्या. तालमी सुरू करतानाच अर्ज पाठवा. शेवटच्या आठवड्यात पाठवलेली संहिता वाचून व्हायच्या आत तुमची तारीख निघून गेलेली असते. चित्रपटातलं गाणं किंवा कुणाचं ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर त्याचा हक्क तिसऱ्याच कुणाकडे असतो. तुमच्या संगीतकाराकडून नवं करून घेणं सोपं आणि बहुतेक वेळा चांगलंही.

दोन राज्य नाट्य स्पर्धांत दिग्दर्शन केलं, बक्षीसही मिळालं. व्यावसायिक निर्मात्यापर्यंत कसं पोहोचायचं?
– कल्याण

संहितेचं बाड घेऊन जाऊ नका. निर्मात्याला तुमचा प्रयोग दाखवा. ते जमत नसेल तर दोन पानांचं टिपण द्या, आणि त्यात त्याला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लिहा. कलाकार किती? प्रत्येक जास्तीचा कलाकार म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एक जास्तीचं मानधन आणि बसमधली एक जागा. नेपथ्य एका टेम्पोत मावतं का, आणि किती वेळात उभं राहतं? एकाच नाट्यगृहात सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग असतात. आधीच्या नाटकाचं सामान निघाल्यावर तुमच्या हाती दोन तास राहिले तर नशीब. त्यात लागत नाही ते नेपथ्य दौऱ्यावर टिकत नाही. मालिकेत काम करणारे नट घेणार असाल तर तालमींच्या तारखा कशा मिळवणार, हेही त्यात हवं.

याहून खात्रीची वाट म्हणजे अनुभवी दिग्दर्शकाकडे सहायक होणं. हजेरी, प्रॉम्प्टिंग, हालचालींची नोंद, वस्तूंची यादी ही कामं पडतात. शुभारंभानंतर दिग्दर्शक दर प्रयोगाला येत नाही. तेव्हा नाटक सैलावू न देणं आणि एखादा नट बदलला तर त्याला चार दिवसांत उभं करणं, हे सहायकाकडे येतं. निर्मात्याचा विश्वास तिथे बसतो.

काम मिळालं तर लेखी करार करा : एकरकमी मानधन आणि ते कोणत्या टप्प्यांत, प्रत्येक प्रयोगामागे किती, जाहिरातीत नाव कसं, नटबदलाच्या तालमींचं मानधन वेगळं की नाही, आणि नाटकाचं चित्रीकरण झालं तर तुमचा वाटा. पहिल्याच नाटकाला हे विचारायला संकोच वाटतो, पण तो प्रश्न शंभराव्या प्रयोगाला विचारणं जास्त अवघड जातं.

दिग्दर्शन शिकण्यासाठी नाटकं कशी बघावीत?
– धुळे

एकच नाटक तीनदा बघा. पहिल्यांदा मन लावून, प्रेक्षक म्हणून. दुसऱ्यांदा फक्त न बोलणाऱ्या नटाकडे. तिसऱ्यांदा शेवटच्या रांगेत बसून, काही प्रवेश डोळे मिटून. दुसऱ्या वेळी दिग्दर्शकाचं काम दिसतं आणि तिसऱ्या वेळी शब्द, विराम आणि संगीत यांची मोजणी कळते. घरी आल्यावर एका प्रवेशाचा आराखडा आठवून काढा. कोण कुठे होतं, हे आठवलं नाही तर एकतर तुमचं लक्ष कमी पडलं किंवा त्या जागांना अर्थ नव्हता. दोन्हींतून शिकायला मिळतं.

गोव्यात राहून हे शिक्षण घेता येईल का?
– फोंडा

येईल. पणजीला कला अकादमीचं नाट्यशिक्षण आहे, आणि अकादमीच्या ‘अ’ आणि ‘ब’ गटांच्या मराठी नाट्यस्पर्धा नव्या दिग्दर्शकाला मोठा आधार आहेत. याशिवाय तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मुंबई-पुण्याच्या मुलांना मिळत नाही : देवळांच्या उत्सवातली नाटकं. उघड्या मांडवात, पायाभूत सोयी नसताना, लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांचं लक्ष धरून ठेवायचं, आवाज मागपर्यंत पोहोचवायचा. अशी दोन नाटकं बसवा, मग बंदिस्त रंगमंचावर या.

आम्ही महाराष्ट्र मंडळातर्फे दोन अंकी नाटक बसवतोय. सगळे नोकरदार, तालीम फक्त शनिवार-रविवारी. सोमवारी सगळं विसरलेलं असतं.
– बंगळूरु

शनिवार-रविवार मिळून सहा तास धरले तर दोन अंकी नाटकाला पाच महिने लागतील. गणपतीला प्रयोग असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास सुरुवात करा. विसरणं टाळायला मधल्या वारी दोनदा, रात्री अर्धा तास, फोनवर फक्त संवादांची उजळणी घ्या. ही उजळणी अभिनयाशिवाय, भराभर झाली पाहिजे, नाहीतर नट एकट्याने घरी बसवलेल्या लकबी घेऊन येतात. हालचालींची नोंद एका माणसाकडे द्या आणि शनिवारची पहिली वीस मिनिटं मागच्या रविवारच्या शेवटच्या तुकड्याला द्या. प्रयोगाआधीच्या आठवड्यात मात्र सगळ्यांनी निदान तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवायच्या, हे पात्रनिवडीच्या दिवशीच कबूल करून घ्या. ज्याला ते जमणार नाही त्याला लहान भूमिका द्या किंवा रंगमंचामागचं काम द्या. दूरच्या नाट्यगृहात एकच दिवस मिळत असेल तर सकाळी नेपथ्य आणि प्रकाश, दुपारी नटांना न थकवता फक्त प्रवेश-निर्गमन आणि प्रकाशबदल यांच्या जागा, आणि प्रयोगाच्या दोन तास आधी सगळं थांबवून जेवण.